उरलेल्या विकला

जेऊर हे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले रेल्वेस्थानक. जानेवारी १८९८ मध्ये तिथल्या माळावर कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल ४० फूट लांबीचा कॅमेरा उभारून बसले होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही आपली उपकरणे जेऊरलाच आणली होती. कोकणात विजयदुर्गच्या किनाऱ्यावर नॉर्मन लॉकियर यांचा तळ होता आणि हाताखाली ‘मेलपोमेनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी होते. वऱ्हाडात तळणीला ब्रिटिश हौशी खगोलनिरीक्षकांचा गट उतरला होता. त्यातल्या ॲनी माँडर यांनी स्वतःच्या छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळाचा लांबच लांब गेलेला एक किरण टिपला. २२ जानेवारीच्या भर दुपारी चंद्राची सावली अरबी समुद्रावरून किनाऱ्याला लागली आणि महाराष्ट्र ओलांडून ईशान्येकडे निघून गेली. कोणत्याही एका गावाच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटांचा अंधार आला.

विजयदुर्गाबद्दल एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. किल्ल्यापाशी ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात आणि लॉकियर यांनी १८६८ साली तिथूनच हेलियम शोधला असे अभिमानाने सांगितले जाते. लॉकियर विजयदुर्गला आले ते १८९८ साली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात पिअर जान्सेन गुंटूरला होते, आणि लॉकियर यांनी हेलियमची ती प्रसिद्ध पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून पाहिली. विजयदुर्गाचा खरा इतिहास पुरेसा मोठा आहे, त्याला तीस वर्षे मागे ढकलण्याची गरज नाही.

मला कुतूहल आहे ते त्या माणसांना जेऊर हे नाव कोणी सांगितले याचे. छायेचा पट्टा जेमतेम शंभरेक किलोमीटर रुंदीचा. बोटीने महिनाभर प्रवास करून, टनभर सामान उतरवून, माळावर पाया बांधायचा आणि ऐन वेळी सावली पन्नास मैलांवरून निघून जायची, ही शक्यता त्यांनी कशाच्या भरवशावर नाकारली? त्या भरवशामागे चंद्राची जागा सांगणारे गणित होते. मानवी बुद्धीने हाताळलेल्या सगळ्यांत चिवट प्रश्नांपैकी तो एक आहे, आणि त्याच्या इतिहासात आपल्याकडच्या माणसांचाही वाटा आहे.

ते गणित मी पुन्हा करून पाहिले. बेल्जियमचे जाँ मेउस यांनी सर्वसामान्य अभ्यासकांसाठी सुटसुटीत केलेली सूत्रे घेतली आणि वेळ धरली २२ जानेवारी १८९८, ग्रिनिचची सकाळी ७ वाजून २४ मिनिटे. म्हणजे आजच्या भारतीय वेळेने दुपारी १ वाजण्याच्या आसपास. पहिला प्रश्न: चंद्र जर कायम एकाच वेगाने फिरत असता तर या क्षणी कुठे असता? उत्तर आले २९९.०२ अंश. हा मध्यम चंद्र. त्याच क्षणी सूर्य होता ३०२.३५ अंशांवर. तीन अंशांहून जास्त फरक! या आकड्यावर विसंबलो असतो तर अमावास्या सुमारे सहा तास उशिरा, महाराष्ट्रात सूर्य मावळून गेल्यावर लागली असती. कॅम्पबेल यांना जेऊरला येण्याचे कारणच उरले नसते.

पण चंद्राची कक्षा लांबट आहे. जवळ येतो तेव्हा तो झपझप चालतो, दूर जातो तेव्हा रेंगाळतो. यासाठी मंदफल नावाचा संस्कार करावा लागतो आणि तो कमाल ६.२९ अंशांपर्यंत जातो. त्या दिवशी तो होता अधिक ४.३४. चंद्र गेला ३०३.३६ वर, आता सूर्याच्या एक अंश पुढे. म्हणजे अमावास्या जवळजवळ दोन तास आधीच लागून गेली. मग दुसरा संस्कार. सूर्याच्या ओढीने ती लांबट कक्षाच कमीजास्त लांबट होत राहते, त्याचा हा परिणाम. टॉलेमीला तो दुसऱ्या शतकात ठाऊक होता, आणि आपल्याकडे मुंजाल याच्या ‘लघुमानस’ या दहाव्या शतकातल्या ग्रंथात तो येतो. त्या दिवशी उणे ०.९६. चंद्र आला ३०२.४० वर. टायको ब्राहेने शोधलेल्या संस्काराने उणे ०.०६, मंदफलाच्याच दुसऱ्या पदाने अधिक ०.२१, पृथ्वी वर्षभरात सूर्याच्या जवळ-दूर होते त्यापायी उणे ०.०६५. यापुढे दोन डझन बारीकसारीक पदे, काही अधिक काही उणे, आणि त्या सगळ्यांची बेरीज उणे ०.१३. शेवटी चंद्र थांबला ३०२.३६ अंशांवर. सूर्य ३०२.३५ वर. कागदावर हे दोन आकडे एकमेकांशेजारी येऊन उभे राहतात तेव्हा जो आनंद होतो तो मला दुसऱ्या कुठल्याच गणिताने दिलेला नाही.

एवढ्याने काम निम्मेच झाले. चंद्राची कक्षा सूर्याच्या मार्गाशी पाच अंशांचा कोन करते, म्हणून बहुतेक अमावास्यांना चंद्र सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. दोन्ही मार्ग छेदतात त्या बिंदूंना आपण राहू-केतू म्हणतो. अमावास्येला चंद्र त्यांच्यापासून साधारण पंधरा ते अठरा अंशांच्या आत असेल तरच सूर्यग्रहण. त्या दिवशी तो राहूपासून साडेपाच अंशांपेक्षा थोडा पुढे होता आणि त्याचा शर, म्हणजे सूर्यमार्गापासूनचे त्याचे उत्तरेकडचे अंतर, सुमारे अर्धा अंश भरत होता. पृथ्वीपासून तो ३ लाख ६४ हजार किलोमीटरवर होता, नेहमीपेक्षा जवळ, म्हणून त्याचे बिंब सूर्याला पुरून उरले. एवढ्या अंतरावर अर्धा अंश म्हणजे सुमारे ३,२०० किलोमीटर. सावलीचा आस पृथ्वीच्या मध्यापासून तितका उत्तरेकडून जाणार हे इथे ठरले. उरला तो पृथ्वीचा गोलावा आणि तिचे वळण यांचा हिशेब. तो १८२० च्या दशकात बेसेल यांनी अशा देखण्या रीतीने बसवून दिला की आजही ग्रहणाचे गणित त्याच चौकटीत होते.

आता चुकीची किंमत पाहा. ३ लाख ६४ हजार किलोमीटरवर एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०६ किलोमीटर भरते. शरात एका कलेची चूक झाली की अख्खा पट्टा स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो आणि जेऊर सावलीबाहेर पडते. एक विकला म्हणजे कलेचाही साठावा भाग; ती पावणेदोन किलोमीटर भरते आणि भोगात, म्हणजे सूर्यमार्गाच्या दिशेने मोजलेल्या जागेत, चुकली तर ग्रहणाच्या वेळेत दोन सेकंदांचा फरक पाडते. चंद्रग्रहण हजारो मैलांवरून एकाच वेळी दिसते, त्याच्या बाबतीत थोडीफार चूक खपून जाते. सूर्यग्रहण असे काही खपवून घेत नाही. पट्ट्याच्या आत असलेल्या माणसाला तारे दिसतात, बाहेरच्याला दिसत नाहीत.

याच कारणाने नुसत्या आवर्तनांवर भिस्त ठेवता येत नाही. २२३ चांद्रमास म्हणजे ६५८५.३२ दिवस, १८ वर्षे आणि सुमारे ११ दिवस. एवढ्या काळाने सूर्य, चंद्र आणि राहू जवळजवळ त्याच मांडणीत परत येतात. बाबिलोनच्या लोकांना हे सारोस चक्र माहीत होते. पण उरलेल्या त्या ०.३२ दिवसात पृथ्वी आणखी एक तृतीयांश फेरी वळून गेलेली असते आणि ग्रहण १२० अंश पश्चिमेला जाऊन पडते. महाराष्ट्राने १८९८ मध्ये पाहिलेल्या ग्रहणाची पुढची आवृत्ती १९१६ साली व्हेनेझुएलाच्या बाजूला दिसली, त्यानंतरची १९३४ मध्ये पॅसिफिकमधल्या लोसाप बेटावर, मग १९५२ मध्ये खार्टूमला. ८ एप्रिल २०२४ ला मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत कोट्यवधी लोक माना वर करून उभे होते ते याच कुळातले ग्रहण. आवर्तन दिवस सांगते, गाव सांगत नाही.

आपल्याकडे मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावी पंधराव्या शतकाच्या अखेरीस केशव दैवज्ञ राहत होते. ब्राह्म, आर्य, सौर या तिन्ही पक्षांच्या, म्हणजे गणितपरंपरांच्या, ग्रंथांतून काढलेले ग्रह आकाशाशी जुळत नाहीत, हे त्यांनी स्वतः वेध घेऊन पाहिले आणि लिहून ठेवले. पुढच्या गणकांनीही ग्रहणे, युती, उदयास्त पाहून ग्रंथ दुरुस्त करत राहावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे चिरंजीव गणेश यांनी शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला. त्यात ज्या-चापांची कटकट नाही आणि अकरा वर्षांचे, ४,०१६ दिवसांचे एक चक्र धरून दिवसांची संख्या कायम आटोक्यात ठेवली आहे. अचूक गणित कमी शिक्षणाच्या माणसालाही करता यावे ही तळमळ त्या मांडणीत आहे. त्यातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. गणेश दैवज्ञ सूर्य सौरपक्षाचा घेतात, चंद्राचे उच्च, म्हणजे त्याच्या कक्षेतला सर्वांत दूरचा बिंदू, तेही सौरपक्षाचे घेतात, आणि चंद्र मात्र सौरपक्षाचा नऊ कला उणे करून घेतात. नऊ कला! सिद्धान्ताला दैवी प्रामाण्य असलेल्या काळात हा माणूस सांगतो की आकाशात चंद्र तुमच्या ग्रंथापेक्षा इतका मागे दिसतो, तेव्हा इतका वजा करा.

सिद्धान्तांच्या चंद्रात दुसरा मोठा संस्कार नव्हता. मग त्यांची ग्रहणे जुळत कशी? सूर्यसिद्धान्तात चंद्राचे कमाल मंदफल पाच अंश दोन कला आहे, आधुनिक मूल्याच्या ६.२९ अंशांपेक्षा बरेच कमी. पण पौर्णिमा आणि अमावास्या या दोन क्षणी दुसरा संस्कार नेमका पहिल्याच्या उलट दिशेने लागू होतो, आणि ६.२९ मधून १.२७ गेले की उरतात पाच अंश. प्राचीन गणकांनी आपले आकडे ग्रहणे पाहून बसवले होते, त्यामुळे दोन्ही संस्कारांची बेरीज एकाच आकड्यात आपोआप शिरली. अष्टमीच्या अर्ध्या चंद्राला तो आकडा अडीच अंशांपर्यंत चुकतो. ग्रहणाच्या दिवशी तो चालतो. ज्या प्रसंगी पाहिले त्याच प्रसंगापुरते सत्य हाती आले, आणि ते सत्य भक्कम होते.

किती भक्कम, ते जॉन वॉरेन या अधिकाऱ्याने नोंदवून ठेवले आहे. १८२५ साली पाँडिचेरीत एका तमिळ पंचांगकर्त्याने त्यांच्यासमोर जमिनीवर कवड्या मांडून ३१ मे–१ जूनच्या चंद्रग्रहणाचे गणित केले. कागद नाही, कोष्टकांचे पुस्तक नाही, सारे तोंडपाठ. स्पर्शाची, म्हणजे ग्रहण लागण्याची, वेळ चार मिनिटांनी चुकली, मध्याची तेवीस आणि मोक्षाची, म्हणजे ग्रहण सुटण्याची, बावन्न मिनिटांनी. शेवटचा आकडा मोठा आहे हे खरे. तरीही शेकडो वर्षांपूर्वी बसवलेली पदे पिढ्यान्‌पिढ्या घोकून, त्यांवरून स्पर्श चार मिनिटांपर्यंत गाठणे हे मला अजूनही थक्क करते.

तिकडे युरोपात न्यूटनला गुरुत्वाकर्षणाचा नियम गवसला होता, पण चंद्राने त्याला जेरीस आणले. सूर्य, पृथ्वी, चंद्र हे तिघे एकमेकांना ओढतात आणि तिघांच्या ओढाताणीला नेटके सूत्र नाही. पदांमागून पदे जोडत जावे लागते. एडमंड हॅली यांनी १७१५ च्या ग्रहणाचा नकाशा न्यूटनच्या सिद्धान्तावरून आधीच छापून वाटला आणि लोकांना लंबकाच्या घड्याळांवर वेळा टिपायला सांगितल्या. ग्रहण भाकितापेक्षा चार मिनिटांच्या फरकाने झाले. १७४७ मध्ये पॅरिसला क्लेरो यांना आढळले की चंद्राच्या कक्षेचा लांबट अक्ष जितका फिरताना दिसतो त्याच्या निम्माच गणितातून निघतो. न्यूटनचा नियमच दुरुस्त करायला हवा, असे त्यांनी भर सभेत जाहीर केले. दोन वर्षांनी त्यांनी दुय्यम समजून सोडलेली पदे मोजली, उरलेला निम्मा भाग तिथेच सापडला आणि त्यांनी आपले म्हणणे तितक्याच जाहीरपणे मागे घेतले.

या कामाने माणसांची आयुष्ये खाल्ली. शार्ल दलॉने वीस वर्षे एकट्याने बीजगणित करत राहिले. १८६० आणि १८६७ मध्ये त्यांचे दोन जाडजूड खंड निघाले. शंभर वर्षांनी संगणकाने ते तपासले तेव्हा अगदी मोजक्याच चुका निघाल्या. व्हिएन्नाचे थिओडोर ओपोल्झर १८६८ च्या त्याच ग्रहणासाठी एडनला गेले होते. पुढे त्यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने इसवी सनापूर्वी १२०८ पासून सन २१६१ पर्यंतच्या ८,००० सूर्यग्रहणांची आणि ५,२०० चंद्रग्रहणांची गणिते केली. तो ग्रंथ १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. ओपोल्झर त्याआधीच, १८८६ च्या डिसेंबरात गेले होते.

त्या ग्रंथाचा धागा आपल्याकडे येतो. ओपोल्झर यांच्या वर्तुळातले रॉबर्ट श्राम यांनी भारतात दिसलेल्या सूर्यग्रहणांची कोष्टके तयार केली आणि ती १८९६ मध्ये ‘द इंडियन कॅलेंडर’ या ग्रंथात छापली गेली. त्याचे लेखक रॉबर्ट सेवेल आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित. दीक्षित दापोली तालुक्यातल्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. त्याच वर्षी त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा मराठी इतिहासही निघाला, ज्याच्या तोडीचे काम आजही क्वचित सापडते. आपल्या जुन्या ताम्रपटांत सूर्यग्रहणाच्या पर्वणीवर जमीन दान दिल्याचे उल्लेख वारंवार येतात. शक, महिना आणि ग्रहण जुळले तर दानाचा नेमका दिवस हाती येतो, न जुळले तर ताम्रपटाच्या खरेपणाविषयी शंका घेता येते. ओपोल्झर यांच्या टेबलावर केलेल्या बेरजा-वजाबाक्या अशा रीतीने चालुक्य-राष्ट्रकूटांच्या कालगणनेपर्यंत पोचल्या.

घरच्या पंचांगांची स्थिती मात्र अवघड झाली होती. गणेश दैवज्ञांच्या ग्रंथाला साडेतीनशे वर्षे उलटली होती, साठलेल्या कला आता अंशांकडे चालल्या होत्या आणि पंचांगातली वेळ व आकाशातले ग्रहण यांतला फरक कोणालाही दिसत होता. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये युरोपीय गणिताच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत आणली आणि शके १७८७ पासून नवे पंचांग सुरू केले. ते पटवर्धनी म्हणून ओळखले गेले. त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनी पुढे पंचांगशुद्धीचा प्रश्न सार्वजनिक केला. बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी नवी कोष्टके संस्कृतात, जुन्या करणग्रंथांच्या (पंचांगगणिताच्या पुस्तकांच्या) रीतीने रचून दिली, म्हणजे परंपरेने शिकलेल्या गणकाला ती परकी वाटू नयेत. विरोध कडवा झाला. ग्रहलाघव सोडणे म्हणजे धर्म सोडणे असे मानणारे पुष्कळ होते. मला वाटते त्यांनी गणेश दैवज्ञांना ओळखलेच नाही. नऊ कला वजा करणाऱ्या माणसाचा ग्रंथ न बदलण्याची शपथ घेणे, यापेक्षा त्याची मोठी उपेक्षा कोणती?

विसाव्या शतकाच्या आरंभी चंद्राच्या गणिताचे काम अर्नेस्ट ब्राउन यांच्या हाती होते. ते मूळचे इंग्लंडमधल्या हलचे, पुढे येल विद्यापीठात प्राध्यापक. अमेरिकेच्या जॉर्ज हिल यांनी घातलेल्या पायावर त्यांनी तीस वर्षे बांधकाम केले आणि १९१९ मध्ये चंद्राच्या गतीची कोष्टके छापली. त्यात सुमारे पंधराशे पदे होती. त्यांची कसोटी लागली २४ जानेवारी १९२५ च्या सकाळी. छायेची दक्षिण कड न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाला मधोमध कापत जाणार होती. शहराच्या वीज कंपनीने रिव्हरसाइड ड्राइव्हवरच्या गच्च्यांवर, ७२ व्या रस्त्यापासून १३५ व्या रस्त्यापर्यंत, दीडशेच्या आसपास माणसे उभी केली. प्रत्येकाला एकच काम: सूर्य पूर्ण झाकला गेला की कडेला चकाकती रेघ राहिली, एवढेच सांगायचे. थंडी कडाक्याची होती आणि आकाश निरभ्र. सीमा ९६ व्या रस्त्याजवळ निघाली. २४० क्रमांकाच्या इमारतीवरच्या माणसाने खग्रास पाहिले, २३० क्रमांकाच्या गच्चीवरच्याने पाहिले नाही. दोघांमध्ये काही पावलांचे अंतर. विश्वातल्या एका सावलीची कड शहरातल्या घरक्रमांकांनी मोजली गेली. अशी नेमकी आणि इतक्या सामान्य माणसांच्या डोळ्यांनी झालेली मोजणी खगोलशास्त्रात फार थोडी आहे.

आणि तरी ग्रहण काही सेकंद उशिरा आले होते.

ब्राउन यांना ही उणीव आधीपासून बोचत होती. सगळी ज्ञात कारणे मोजूनही चंद्र कधी थोडा पुढे, कधी थोडा मागे राही. नाइलाजाने त्यांनी कोष्टकांत दहा विकलांहून थोडे मोठे एक पद घातले होते, अडीचशे वर्षांच्या आवर्तनाचे. त्यामागे कुठलाही सिद्धान्त नव्हता. निरीक्षणे जुळावीत म्हणून ते घातले होते आणि ब्राउन यांनी तसे स्पष्ट सांगितले होते. उलगडा पुढच्या काही वर्षांत झाला. ब्राउन यांनी १९२६ मध्ये, डी सिटर यांनी १९२७ मध्ये आणि हॅरल्ड स्पेन्सर जोन्स यांनी १९३९ मध्ये दाखवून दिले की सूर्य, बुध, शुक्र हेही आपापल्या वेगाच्या प्रमाणात तसेच पुढेमागे होताना दिसतात. सगळे एकदम चुकतात याचा अर्थ घड्याळ चुकते आहे. चंद्र बरोबर होता. ज्या पृथ्वीच्या फिरण्यावर आपण दिवस मोजत होतो तीच कधी जलद, कधी मंद फिरत होती. केशव दैवज्ञांच्या वेधांपासून ब्राउन यांच्या या पदापर्यंत मला एकच स्वभाव दिसतो. उरलेली चूक ही माणसे लपवत नाहीत, तिच्याकडे पाहत राहतात, आणि ती काहीतरी सांगते.

पृथ्वी केवळ अनियमितच नाही, भरती-ओहोटीच्या घर्षणाने ती मंदावतही आहे. इसवी सनापूर्वी १३६ मध्ये, १५ एप्रिलला, बाबिलोनच्या निरीक्षकांनी खग्रास सूर्यग्रहण पाहून मातीच्या पाटीवर नोंदवले. पृथ्वी आजच्याच गतीने कायम फिरत आली असे मानून गणित केले तर तो पट्टा बाबिलोनच्या पश्चिमेला जवळजवळ ४९ अंशांवर, स्पेनच्या मायोर्का बेटाकडे जाऊन पडतो. दोन हजार वर्षांत साठलेला घड्याळाचा फरक तीन तासांहून अधिक आहे, आणि तो आपल्याला ठाऊक आहे तो अशा पाट्यांमुळे, चीनमधल्या आणि अरबांच्या नोंदींमुळे. ग्रहणे भाकीत करण्यासाठी घडवलेले गणित ग्रहणांच्या जुन्या नोंदींवर चालवले की पृथ्वीची गती मोजता येते.

बाकीचा इतिहास वेगाने पुढे जातो. लेस्ली कॉमरी यांनी ब्राउन यांची कोष्टके सुमारे पाच लाख छिद्रांकित कार्डांवर उतरवली आणि १९३५ ते २००० पर्यंतचा चंद्र हिशेबयंत्राकडून काढून घेतला. १९८० च्या दशकात पॅरिसच्या शाप्राँ-तुझे आणि शाप्राँ यांनी रचलेल्या सिद्धान्तात ३७ हजारांहून अधिक पदे आहेत. मी वर वापरलेली मेउस यांची सूत्रे त्यातूनच वेचलेली. भोगासाठी साठ पदे घेतली तरी अचूकता दहा विकलांच्या आसपास येते. आता तर पदांची गरजही राहिलेली नाही. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत सूर्यमालेतल्या सगळ्यांची ओढ पावलापावलाने संगणकावर चालवली जाते, आणि तिला लगाम घालतो तो चंद्रावर ठेवलेल्या आरशांवरून परत येणारा लेझरचा प्रकाश. अपोलो ११ ने १९६९ मध्ये पहिला आरसा ठेवला. चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही तसाच एक छोटा परावर्तक आहे. अंतर सेंटिमीटरांत कळते. चंद्र दर वर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो, हे याच मोजणीतून समजले.

मग चूक उरते कुठे? एक तर चंद्राच्या कडेवर. ती गोल नाही. तिथे डोंगर आहेत, दऱ्या आहेत, आणि शेवटचा प्रकाश त्या दऱ्यांतून मणी मणी होऊन येतो. जपानच्या कागुया आणि अमेरिकेच्या लूनार रेकनिसन्स ऑर्बिटर या यानांनी उंचसखलपणा मोजून दिल्यापासून पट्ट्याच्या कडा नकाशावर दंतुर काढता येऊ लागल्या आहेत. दुसरी चूक घड्याळात. चंद्राच्या गणिताचा एकसमान काळ आणि पृथ्वीच्या फिरण्याचा काळ यांत सध्या ६९ सेकंदांचा फरक आहे. पृथ्वीच्या पोटातल्या द्रव गाभ्याच्या हालचालींनी, समुद्र आणि वाऱ्यांनी तो कमीजास्त वेगाने बदलतो आणि त्याला अजून सूत्र नाही. दूरच्या क्वेसारांचे वेध घेऊन तो फक्त मोजत राहता येतो.

भारतातून पुढचे खग्रास सूर्यग्रहण २० मार्च २०३४ चे आहे. सावली कारगिलच्या डोंगरांवरून जाईल. त्या क्षणी चंद्र कुठे असेल यावर आज वाद नाही. त्या अक्षांशावर जमीन दर सेकंदाला जवळजवळ ३८० मीटर पूर्वेकडे सरकते, आणि २०३४ पर्यंत पृथ्वी त्या ६९ सेकंदांत किती भर घालेल किंवा किती वजा करेल हे शेवटच्या काही दशांशांपर्यंत आज कोणालाच सांगता येत नाही. पट्ट्याच्या कडेवरच्या गावांचे आकडे ग्रहणाला वर्ष राहिल्यावर पुन्हा काढावे लागतील.